अण्णांची लाइन

दिवाळीच्या साफसफाईत माणसाने माळा आवरावा, डबे घासून घ्यावेत, फार तर पंखे पुसावेत. वडिलांच्या संगणकाला हात लावू नये. एरवी या पानावर तुमच्याशी पुस्तकांच्या गप्पा मारणारा मी आज तारा आणि खटक्यांच्या गोष्टी सांगायला बसलो आहे, त्याचे कारण एवढेच की यंदा गणपती उठल्याबरोबर मी तो हात लावला.

आमचे ती. अण्णा 82 वर्षांचे. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून लागले आणि फोन इन्स्पेक्टर होऊन निवृत्त झाले. त्यांचा संगणक 2010 सालच्या दसऱ्याला घेतलेला. त्यावर ते एकच काम करतात: दर शनिवारी मेलबर्नच्या ताईला पत्र. तेही मराठीत, इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर, दोन बोटांनी. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजने ही वाटणी त्या बोटांत इतकी मुरली आहे की दृष्टी अधू झाली तरी पत्र अडले नाही. मध्यंतरी मी त्यांना मोबाइल आणून दिला होता. "काचेवर बोटाला काही लागत नाही रे," असे म्हणून त्यांनी तो चार दिवसांत परत केला.

तर हा संगणक अलीकडे मंद झाला होता. अण्णांना चकित करावे म्हणून मी त्यांच्या दुपारच्या झोपेत टेबल ओढले, साऱ्या तारा उपटल्या, धूळ झटकली, आणि जुनी तबकडी शोधून विंडोज 7 पुन्हा नव्याने चढवले. पत्रे दुसऱ्या कप्प्यात होती म्हणून वाचली. बाकी यंत्र मात्र पार पालटले. पडद्यावर अक्षरे बटाट्याएवढी दिसू लागली, आवाज बंद, आणि इंटरनेटचा पत्ता नाही.

ड्रायव्हर म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे एस.टी.चा खाकी गणवेश उभा राहतो. संगणकातला ड्रायव्हर म्हणजे दुभाषी. आतल्या प्रत्येक वस्तूची भाषा निराळी. विंडोजला ती कळावी म्हणून प्रत्येकीला एकेक दुभाषी लागतो. मी सफाईत हे सारे दुभाषी हाकलून दिले होते. डिव्हाइस मॅनेजर नावाच्या यादीत 'इथरनेट कंट्रोलर'पुढे पिवळे उद्गारचिन्ह लागले होते. त्याचा ड्रायव्हर इंटरनेटवर मिळतो, आणि इंटरनेट त्या ड्रायव्हरवाचून मिळत नाही. कपाटाची किल्ली कपाटात!

दहा दिवस मी झगडलो. सौ.च्या लॅपटॉपवरून पेनड्राइव्हमध्ये ड्रायव्हर आणला, तर यंत्र म्हणाले, चालणार नाही. आमचे विंडोज 32 बिटांचे आणि मी आणलेला ड्रायव्हर 64 बिटांचा! दुसरा आणला, तो भलत्याच चिपचा. अखेर समजले की त्या उद्गारचिन्हावर टिचकी मारून तपशिलात गेले, की वस्तूचा कुलवृत्तांत मिळतो: चार अक्षरी क्रमांक बनवणाऱ्याचा, चार अक्षरी खुद्द वस्तूचा. ते क्रमांक शोधात टाकले आणि नेमका ड्रायव्हर सापडला. उद्गारचिन्ह गेले. इंटरनेट नाहीच.

एव्हाना दोन शनिवार कोरडे गेले होते. मी अण्णांना म्हणालो, "अण्णा, यंत्राचं वय झालं. भंगारात देऊ, नवं आणू."

"वय माझंही झालंय," अण्णा म्हणाले. हसून म्हणाले असते तर बरे झाले असते.

थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "फॉल्ट आत आहे का बाहेर?"

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी खात्यातली रीत सांगितली. फोन बंद असल्याची तक्रार आली की लगेच शिडी घेऊन धावायचे नाही. आधी एक्स्चेंजमध्ये एमडीएफवर तपासायचे. तिथवर ठीक असेल तर एक्स्चेंज सुटले. मग पिलर, मग डीपी, मग घर. "अर्धी लाइन निर्दोष सुटली की अर्धं काम झालं. तू दहा दिवस खांबावर चढून बसलायस." मी एम.ए. झाल्यावर एवढे चपखल कोणी माझ्याविषयी बोलले नव्हते.

अण्णा पलंगावर आणि मी जमिनीवर, अशी तपासणी सुरू झाली. संगणकात 'पिंग' नावाची आज्ञा असते. एखाद्या पत्त्याला हाक मारायची आणि ओ येते का पाहायचे. 1983 साली ती लिहिणाऱ्या माइक म्यूस यांनी पाणबुड्या शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून हे नाव ठेवले. मी प्रथम 127.0.0.1 ला हाक मारली. हा यंत्राचा स्वतःचाच पत्ता. ओ आली. "म्हणजे घसा शाबूत आहे. पुढे?" पुढे राउटर, 192.168.1.1. तिकडून उत्तर नाही. यंत्राचा पत्ता पाहिला तर 169.254 ने सुरू होणारा. राउटरकडून पत्ता मिळाला नाही, तर यंत्र स्वतःच असला एक पत्ता लावून घेते. घरमालकाने दार उघडले नाही म्हणून ओसरीवर पथारी पसरावी, तसा हा प्रकार.

"तार जिथं घुसते तिथला दिवा लागतोय का?"

तिथे दिवा असतो, हेच मी दहा दिवसांत पाहिले नव्हते. तो विझलेला होता. मी तार उपटून अण्णांच्या हाती दिली. त्यांनी अंगठ्याने टोक चाचपले. "जीभ मोडलीय याची. आत धरून बसत नाही."

ती मोडणारा कोण, हे त्यांनी विचारले नाही. कोपऱ्यावरून नवी तार आणली. दिवा लागला, राउटरने रीतसर पत्ता दिला, बाहेरच्या जगाकडूनही ओ आली. अन् तरीही टपालाचे पान उघडेना! सुरक्षेच्या प्रमाणपत्राविषयी काही तरी इशारा येई.

"तारीख बघ," अण्णा म्हणाले. "आमच्याकडे प्रत्येक तक्रारीवर आधी तारीख-वेळ."

पडद्याच्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला मुदत असते, अमक्या तारखेपासून अमक्या तारखेपर्यंत. आमच्या यंत्राच्या लेखी ती अजून सुरूच झाली नव्हती. आत रुपयाएवढा एक सेल असतो, सीआर2032, 3 व्होल्टचा. वीज नसताना घड्याळ तोच चालवतो. तो कधीचाच मेलेला असावा, पण प्लग कायम भिंतीत असल्यामुळे कोणाला कळले नव्हते. प्लग मी उपटला होता.

थोडक्यात, ड्रायव्हर मी पुसले, जीभ मी मोडली, घड्याळ मी थांबवले. आणि वय झाले ते यंत्राचे!

सेल घड्याळजीकडे मिळाला. विंडोज 7 ची सुरक्षा-दुरुस्ती 14 जानेवारी 2020 रोजीच थांबली आहे, तेव्हा त्या यंत्रावर बँकेचे व्यवहार कोणी करू नयेत. अण्णांची बँक पासबुकात आहे, त्यामुळे तेवढी काळजी मिटली.

शनिवारी अण्णा कळफलकापुढे बसले. बटाटे एव्हाना मी वठणीवर आणले होते. मी मागे उभा राहून चोरून वाचत होतो. ताईला त्यांनी लिहिले होते, 'दोन आठवडे पत्र नाही, काळजी करू नये. यंत्र नादुरुस्त होते. आम्ही दोघांनी मिळून नीट केले.' बोटे थांबली. मान न वळवता त्यांनी विचारले,

"मास्तर, 'नादुरुस्त'मधला रु ऱ्हस्व ना रे?"

"ऱ्हस्व, अण्णा. दु पण आणि रु पण."