आरोग्यचर्चा : चढत्या कांट्याचें भय

गेल्या अनंतचतुर्दशीस घरच्या गणपतीचा पाट घेऊन मी नदीच्या पायऱ्या उतरूं लागलों, आणि चौथ्या पायरीवर माझे हात थरथरूं लागले. मूर्ति वीतभराहून थोडी मोठी, पाट शिसवी. तीस वर्षें हा पाट मींच नेत आलों. त्या दिवशीं पुतण्यानें कांहीं न बोलतां तो माझ्या हातून घेतला. त्याचें तें न बोलणेंच मला अधिक लागलें.

नवल हें कीं, त्याच आठवड्यांत दर्शनास येणारा प्रत्येक जण माझ्या शरीराची वाखाणणी करीत होता. चार वर्षांत माझें वजन ९१ किलोंवरून ६८ वर आलें होतें. रात्रीचा भात गेला, साखर गेली, पहांटे तासभर फिरणें आलें. त्याबद्दल पश्चात्ताप नाहीं. रक्तदाब उतरला, गुडघे हलके झाले. परंतु जें गेलें तो सर्व मेदच होता ही माझी समजूत भाबडी होती.

अन्न कमी पडलें म्हणजे शरीर आपला सांठा मोडूं लागतें, आणि त्यांत मेदाबरोबर स्नायूही खर्ची पडतात. केवळ आहार घटवून उतरविलेल्या वजनांत पाव हिस्सा असा मेदाव्यतिरिक्त भागाचा असणें सामान्य आहे. आणि उतारवयांत स्नायू आपण होऊनही झिजतच असतात. १९४४-४५ सालीं अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं ३६ निरोगी तरुणांस २४ आठवडे अर्धपोटीं ठेविलें. त्यांचें वजन सुमारें चतुर्थांशानें घटलें. पुढें पुरेसें अन्न मिळूं लागल्यावर मेद आधीं भरून आला, स्नायू मागाहून. तेव्हां नुसतें अधिक जेवून गेलेलें बळ परत येईल अशी आशा धरूं नये. स्नायूंस काम द्यावें लागतें, व त्या कामाचें ओझें हळूहळू वाढवावें लागतें.

वय झालें ही सबबही चालत नाहीं. १९९० सालीं मारिया फियाटारोन प्रभृतींनीं बोस्टन येथें नव्वदीच्या घरांतील दहा वृद्धांकडून आठ आठवडे पायांनीं वजन उचलण्याचा व्यायाम करविला. ज्यांनीं तो पुरा केला, त्यांच्या पायांचें बळ सरासरीनें दुपटीहून अधिक झालें.

डॉक्टरांनीं मला आठवड्यांतून तीन दिवस व्यायाम सांगितला : हातांत वजन घेऊन खुर्चीवरून उठबस, मेजाच्या कडेवर जोर, वजन छातीपर्यंत ओढणें. बारा वेळां सहज जमलें कीं वजन वाढवावयाचें. शिवाय दर किलो वजनामागें रोज १.२ ग्रॅम प्रथिनें, म्हणजे मला सुमारें ८२. (मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीं मात्र विचारल्यावांचून असें करूं नये.)

हा आंकडा स्वयंपाकघरांत पोंचतांच वहिनी म्हणाल्या, "चार वर्षें ताट सरकवीत आलांत, भाऊजी, आणि आतां वाढा म्हणतां?" हिशेब मात्र त्यांनींच मांडला. वाटीभर घट्ट वरणांत सहा-सात ग्रॅम. आमच्याकडील वरणांत तळ दिसतो, तें सोडून द्या. पेलाभर दुधांत तितकेच. शंभर ग्रॅम पनिरांत अठरा. मोडाचीं कडधान्यें आलीं, दहीं दुप्पट झालें, पोळीच्या पिठांत सोयाबीन मिसळलें गेलें. एकादशी उघडी पडली ती अशी : साबुदाण्यांत प्रथिनें जवळजवळ नाहींतच, खिचडीची लाज काय ती दाण्याचें कूट राखतें!

खरी अडचण पुढेंच होती. दोन महिन्यांनीं कांटा ६९.५ दाखवूं लागला, आणि त्या रात्रीं मी संवयीनें न जेवतां उठलों. कमरेची फीत पूर्वीइतकीच होती, उठबस बारांवरून वीसवर गेली होती, तरीहि त्या दीड किलोनें माझी झोंप उडविली. ज्या कांट्यापुढें चार वर्षें रोज सकाळीं आरोपीसारखा उभा राहिलों, त्याचा निवाडा आतां मानावयाचा नाहीं, हें बुद्धीला पटलें तरी पोटाला पटेना. सकाळीं पाहतों तों कांटा जागेवर नाहीं. वहिनींनीं तो माळ्यावर टाकला होता, आणि शिडी पुतण्याच्या खोलींत.

सध्यां दर रविवारीं मी तो शिसवी पाट काढतों, त्यावर पांच किलो तांदळाची पिशवी ठेवतों आणि जिना चढ-उतार करतों. परवां शेजारच्या काकूंनीं विचारलें, "भाऊजी तांदूळ घेऊन कोठें निघाले?" वहिनी आंतून म्हणाल्या, "विसर्जनाला."