फुकटचं कार्ड अन् बिलाची तारीख



आज सकाळी कांद्याला पाणी भरत होतो, तेवढ्यात पुतण्या बांधावर आला. मोबाईल पुढं धरून म्हणाला, "नाना, हे क्रेडिट कार्ड घेऊ का? वार्षिक फी नाही, लाईफटाईम फ्री आहे." त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो.

पहिलं हे विचारायचं की फी कायमची माफ आहे, का पहिल्याच वर्षी? का वर्षाला अमुक एवढा खर्च केला तरच माफ? माझं कार्ड एकाच वर्षापुरतं फुकट निघालं. दुसऱ्या वर्षी 499 रुपये अन् त्यावर 18 टक्के जीएसटी, असे 589 रुपये बिलात आले. पण खरं सांगतो, फीमुळं मी अडचणीत आलो नाही. अडकलो तो व्याजात.

2023 च्या ऑक्टोबर अखेरीला लाल कांद्यासाठी चाळीस हजारांची खतं-औषधं कार्डावर आणली. म्हटलं, कांदा घोडेगावला गेला की भरून टाकू. 8 डिसेंबरपासून निर्यातबंदी लागली अन् भाव बसला. बिलाची तारीख काही बसली नाही, ती आलीच. बिलावर किमान रक्कम लिहिलेली होती, दोन हजार. तेवढे भरले अन् वाटलं, भागलं.

भागलं काहीच नव्हतं. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे 1400 रुपये. त्यावर जीएसटी 252. दोन हजारातले 1652 तिथंच गेले, मुद्दल फिटलं 348 रुपये. पाच महिन्यांत दहा हजाराच्या आसपास भरले, तरी मुद्दल दोन हजारानंसुद्धा कमी झालं नाही. शेवटी एक कालवड विकून खातं निल केलं.

आता दुसरी बाजू बघा. 1998 पासून किसान क्रेडिट कार्ड आहे. त्यावर चाळीस हजार पीककर्ज घेतलं तर 7 टक्के व्याज, वेळेत भरलं की 3 टक्के सूट. म्हणजे वर्षाचे 1600 रुपये. राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळाली तर त्यातलेही पैसे वाचतात. त्या कार्डाचं एका महिन्याचं जेवढं, तेवढं याचं अख्ख्या वर्षाचं! शिवाय हे भरायचं असतं पिकाच्या हिशोबानं. मग मी ते का वापरलं नाही? कागदं काढायला दोन चकरा जिवावर आल्या अन् दुसरं कार्ड खिशात होतं. चूक माझीच.

म्हणून माझं मत असं: शेतकऱ्यानं कार्ड निवडताना फी नंतर बघावी, आधी बिलाची तारीख अन् आपला पैसा यायची तारीख जुळते का ते बघावं. कांदा-ऊस महिन्याच्या महिन्याला पैसे देत नाहीत. पुतण्याचं दुधाचं पेमेंट दर दहा दिवसाला येतं, त्याला म्हटलं घे बाबा, पण चार गोष्टी पाळ. एका महिन्याच्या दुधात फिटेल एवढंच लिमिट ठेव. बिल पूर्ण रकमेचं खात्यातून आपोआप कटू दे, किमान रकमेचं नको. एटीएमवर ते कार्ड घालू नको, रोख काढली की पहिल्या दिवसापासून व्याज चालू. अन् खतं-औषधं त्यावर आणू नको.

ज्यांच्याकडं नको असलेलं कार्ड पडून आहे, त्यांनी बाकी भरून बंद करायचा अर्ज द्यावा. रिझर्व्ह बँकेचा 2022 चा नियम आहे, सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर पुढं दर दिवसाला 500 रुपये बँकेनं द्यायचे. अर्जाची पोच तेवढी जपून ठेवा.

पुतण्या गेला, पण जाताना म्हणाला, "नाना, कालवड विकली तेव्हा कारण वेगळंच सांगितलं होतं तुम्ही." सांगितलं होतं खरं. लाज वाटत होती. आज लिहून टाकलं.