बलोपासनेचे ताट

चैत्र पौर्णिमेच्या पहाटे गावोगावच्या मारुती मंदिरांत जन्माचे कीर्तन होते, सूर्योदयाला गुलाल उधळला जातो आणि सुंठवडा वाटला जातो. समर्थ रामदासांनी चाफळ, मसूर, उंब्रज, शहापूर, बत्तीस शिराळा अशा ठिकाणी मारुतीची स्थापना केली, ती लोकांना नवसाला पावणारे आणखी एक दैवत मिळावे म्हणून खचितच नव्हे. मारुतीच्या शेजारी तालीम, तालमीत तांबडी माती आणि त्या मातीत घाम गाळणारी पोरे, हे चित्र महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. आज तालमींची संख्या रोडावली असली तरी तरुणांची शरीर कमावण्याची हौस मात्र ओसरलेली नाही. तालुक्याच्या गावीदेखील दोन-तीन ‘जिम’ दिसतात आणि संध्याकाळी तेथे गर्दी असते. ही घटना स्वागतार्ह आहे. सतरा-अठरा वर्षांचा मुलगा चौकातल्या टपरीवर उभा राहण्याऐवजी लोखंड उचलत असेल, तर त्याचे कौतुकच केले पाहिजे.

प्रश्न उभा राहतो तो तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. तेथील प्रशिक्षक त्याला सांगतो की, वरण-भातावर शरीर होत नसते; कोंबडी आणि दिवसाला सहा अंडी खाल्लीस तरच दंड भरतील. मुलगा घरी येऊन हे सांगतो. आई अस्वस्थ होते, आजी जेवत नाही, वडील वर्तमानपत्रात डोके घालतात. पुढे अनेक घरांत एक अलिखित तह होतो. मुलगा बाहेर काय खातो ते कोणी विचारायचे नाही आणि त्यानेही ते घरात सांगायचे नाही. खाण्यापेक्षा हा लपंडाव अधिक क्लेशकारक आहे, कारण त्यात मुलाच्या मनात एक समजूत कायमची रुजते: आपल्या घरची परंपरा ही दुर्बलांची परंपरा आहे.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. कोणी काय खावे हा ज्याच्या-त्याच्या घराचा, प्रदेशाचा आणि विवेकाचा प्रश्न आहे. कोकण किनाऱ्यावरील कोळी बांधव, मासळीशिवाय ज्याचे जेवण होत नाही तो बंगाली ब्राह्मण, काश्मिरी पंडित, तांबडा-पांढरा रस्सा ओरपून आखाड्यात उतरणारा कोल्हापूरचा मल्ल हे सारे आपल्याच समाजपुरुषाचे अवयव आहेत. ताटावरून माणसाचे हिंदुत्व मोजण्याचा उद्योग कोणी करीत असेल तर तो तात्काळ थांबविणे इष्ट. आमचे म्हणणे त्यांच्यापुरते आहे, ज्यांनी श्रद्धेने, करुणेने वा संस्काराने शाकाहार स्वीकारला आहे आणि तो टिकवण्याची ज्यांची इच्छा आहे. त्यांनी तो अज्ञानापोटी सोडू नये. आणि अज्ञानापोटीच दुबळ्या अंगाने तो पाळूही नये.

हा वाद काही आजचा नाही. इंग्रज मांस खातो म्हणून तो राज्य करतो आणि आपण खात नाही म्हणून गुलाम आहोत, असे एकोणिसाव्या शतकातील शिकल्या-सवरल्या हिंदूला मनापासून वाटत असे. शाळकरी वयात मित्राच्या नादाने गांधीजींनी चोरून मांस खाल्ले ते याच समजुतीपायी. त्यांनी आत्मचरित्रात ते प्रांजळपणे नमूद केले आहे. स्वामी विवेकानंद तर मांसाहारी होते आणि खचलेल्या, कष्टाळू समाजाला बळ यायचे असेल तर मांसाहाराला नाके मुरडू नका, असे त्यांचे मत होते. शाकाहाराचे गोडवे गाताना आपल्यातील काही वक्ते स्वामीजींची ही बाजू सोयीस्करपणे वगळतात. ते योग्य नव्हे. बळाचा आग्रह ही स्वामीजींची मुख्य शिकवण होती. त्यांच्या काळी आहारशास्त्र बाल्यावस्थेत होते. आज तेच बळ शाकाहारातून कसे मिळवावे याचे ज्ञान उपलब्ध असताना ते न मिळविणे, हाच त्यांच्या शिकवणुकीचा अव्हेर ठरेल.

प्रत्यक्षात पुरावा आपल्या आखाड्यांतच होता. दिल्लीच्या बिर्ला व्यायामशाळेचे गुरू हनुमान स्वतः शाकाहारी आणि ब्रह्मचारी होते. १९८२ च्या एशियाडमध्ये सुवर्णपदक जिंकणारे सतपाल आणि १९७८ व १९८६ अशा दोन एशियाडमध्ये सुवर्णपदके मिळवणारे कर्तारसिंग हे त्यांच्या तालमीत घडले. सतपाल यांच्या कुस्त्या महाराष्ट्रातील जुन्या शौकिनांच्या आजही स्मरणात असतील. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे योगेश्वर दत्त हेदेखील शाकाहारी. काशीपासून हरियाणापर्यंतच्या हिंदू आखाड्यांत मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप आणि बदाम. पाश्चात्त्य देशांतही उदाहरणे आहेत. अमेरिकेच्या बिल पर्ल यांनी १९७१ मध्ये ‘मिस्टर युनिव्हर्स’ किताब पटकावला तेव्हा त्यांनी मांस सोडलेले होते.

तथापि केवळ नामावळी देऊन प्रश्न सुटत नाही. दिवसाला चार-पाच लिटर दूध पिणारा पहिलवान आणि सकाळी पोहे, दुपारी भाजी-पोळी, रात्री आमटी-भात जेवून कारकुनी करणारा मध्यमवर्गीय गृहस्थ हे दोघेही शाकाहारी आहेत. पण त्यांच्या ताटांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. आणि दोष आहे तो या दुसऱ्या ताटात.

स्नायू वाढतो कसा, हे थोडक्यात पाहू. झेपेल त्याहून किंचित अधिक भार स्नायूवर पडला की त्याच्या तंतूंवर ताण येतो, आणि पुढच्या एक-दोन दिवसांत शरीर तो तंतू पूर्वीपेक्षा थोडा जाड करून बांधते. या बांधकामाच्या विटा म्हणजे प्रथिनांतील अमिनो आम्ले. ती डाळीतून आली की कोंबडीतून, याची नोंद स्नायू ठेवीत नाही. धान्यांत लायसिन नावाचे आम्ल कमी आणि डाळींत मेथिओनिन कमी. पण दोन्ही एकत्र केली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. वरण-भात, भाकरी-पिठले, खिचडी, इडली-सांबार या जोड्या आपल्या पूर्वजांनी प्रयोगशाळेशिवाय जुळवल्या, याचा अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अभिमान बाळगताना प्रमाणही पाहावे. तीन भाग धान्याला एक भाग डाळ, असे पोषणतज्ज्ञ सांगतात. आपल्याकडे चौघांच्या वरणासाठी वाटीभर डाळ शिजते आणि ती पातेल्याच्या तळाशी शोधावी लागते!

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये सामान्य प्रौढासाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हे प्रमाण सुचविले. स्नायू वाढवण्यासाठी व्यायाम करणाऱ्याला याहून अधिक लागते. अनेक चाचण्यांचा एकत्र अभ्यास करून २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार सुमारे १.६ ग्रॅमच्या पुढे वाढीव लाभ फारसा होत नाही. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. दूधदेखील वर्ज्य करणारे १९ तरुण आणि मिश्राहारी १९ तरुण. दोन्ही गटांना किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिने. पहिल्या गटाची उणीव सोयाबीनच्या प्रथिनाने भरून काढली, दुसऱ्याची दुधाच्या. बारा आठवडे सारखाच व्यायाम करवून घेतल्यावर पायांच्या स्नायूंची वाढ आणि ताकद यांत दोन गटांमध्ये फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता आणि त्यात तरुणच होते, हे खरे. परंतु ‘शाकाहारावर शरीर होत नाही’ असे छातीठोकपणे सांगणाऱ्या प्रशिक्षकाकडे एवढाही आधार नसतो.

आता आपल्या स्वयंपाकघरात येऊ. साठ किलो वजनाचा तरुण धरला तर त्याला रोज ७५ ते ९५ ग्रॅम प्रथिने हवीत. अर्धा लिटर गाईच्या दुधातून सुमारे १६ ग्रॅम मिळतात. ५० ग्रॅम कोरड्या तूरडाळीचे किंवा मूगडाळीचे दाट वरण ११ ग्रॅम देते. तेवढ्याच मटकीची किंवा हरभऱ्याची मोड आणून केलेली उसळ आणखी १० देते. मूठभर, म्हणजे ४० ग्रॅम शेंगदाण्यांतून ९, वाटीभर दह्यातून ३ आणि दिवसभरातील ३०० ग्रॅम गहू, ज्वारी वा बाजरीतून सुमारे ३० ग्रॅम येतात. बेरीज ऐंशीच्या आसपास जाते, आणि यात परदेशी डबा कोठेच नाही. याहून अधिक हवे असेल तर सोयाबीनच्या वड्या आहेत. त्यांत निम्मे वजन प्रथिनांचेच असते. पनीर महाग पडते. बदामाचेही तसेच. शेंगदाण्यात बदामाएवढी किंवा त्याहून थोडी अधिकच प्रथिने आहेत, आणि शेंगदाणा-गूळ ही तर आपल्या मावळ्यांच्या मुलखातील शिदोरी. तुपाविषयी मात्र सांगितले पाहिजे की तूप ऊर्जा देते, प्रथिने देत नाही. सहा तास कुस्ती खेळणाऱ्याला जे पचते ते आठ तास खुर्चीत बसणाऱ्याने पहिलवानी म्हणून खाल्ले तर दंड राहतात बाजूला आणि पोट सुटते.

उपवासाचा विषय निघाल्यावाचून राहत नाही. साबुदाण्यात प्रथिने नाममात्रही नसतात. ज्या कंदापासून आपल्याकडे तो बनतो तो कंद मुळात दक्षिण अमेरिकेचा. म्हणजे खिचडीला पुराणकाळाचा आधार शोधण्याचे कारण नाही. राजगिरा, शेंगदाणे, दूध, दही हे सारे उपवासाला चालतेच. आठवड्यातून दोनदा उपवास करणाऱ्या घरच्या स्त्रीने हा बदल केला तर तिचे व्रत मोडत नाही आणि तिचे हाडही झिजत नाही.

अलीकडे पुण्या-मुंबईत काही तरुण-तरुणी दूधही वर्ज्य करू लागले आहेत. त्यांची टिंगल करण्याची एक पद्धत पडली आहे. दुग्धव्यवसायात नर वासराचे काय होते, हा त्यांचा प्रश्न आहे. गाईला माता म्हणणाऱ्या समाजाने तो हसण्यावारी नेऊ नये. त्याचे उत्तर गोशाळांच्या देणगीपावत्यांपलीकडे शोधावे लागेल. मात्र या मित्रांनाही एक सांगणे आहे. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही घेणाऱ्याला ते काही प्रमाणात मिळते, दूध सोडणाऱ्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे. ते कमी पडले तर रक्तक्षय होतो, हातापायांना मुंग्या येतात, मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. शैवाल किंवा आंबवलेल्या पदार्थांवर विसंबू नये. दूध घेणाऱ्या शाकाहारी माणसानेही वर्षातून एकदा रक्त तपासून घेणे शहाणपणाचे. लोहाचेही तसेच आहे. कडधान्य भिजवले, मोड आणले, पीठ आंबवले की त्यातील लोह शरीराला अधिक मिळते. वर लिंबू पिळले तर आणखी. जेवणाला लागून चहा घेतला की ते पुन्हा वाया जाते.

राहिला डब्यांचा प्रश्न. ज्या ‘व्हे’ प्रथिनासाठी मुले हजारो रुपये मोजतात, ते म्हणजे दूध फाडल्यावर चोथ्यापासून वेगळ्या होणाऱ्या पाण्यातील प्रथिन. आपल्या आया त्या पाण्यात कणीक भिजवीत आल्या आहेत. ते घेणे हा गुन्हा नव्हे; पण डब्यावर जे छापले आहे ते आत असेलच याची खात्री नाही. भारतीय बाजारातील ३६ प्रथिन-पुरकांची तपासणी करून २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के नमुन्यांवरील प्रथिनांची माहिती चुकीची आढळली. काहींत बुरशीजन्य विषही सापडले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने त्याच वर्षीच्या आहारविषयक मार्गदर्शिकेत अशा पुरकांपासून दूर राहण्याचाच सल्ला दिला आहे. डब्यानंतर इंजेक्शनाची पायरी येते आणि तेथे शाकाहार-मांसाहार हा वादच उरत नाही. सहा महिन्यांत छाती फुगवणारी संप्रेरके हृदय, यकृत आणि पुरुषत्व यांचा सौदा करतात. ज्या घरात मुलाच्या खाण्याबद्दल बोलणे बंद झालेले असते, त्या घराला हे सर्वांत शेवटी कळते.

शाखेच्या मैदानाविषयीही दोन शब्द. जोर, बैठका, सूर्यनमस्कार, मुद्गल, मल्लखांब ही आपली साधने उत्तमच आहेत. पण वर्षानुवर्षे तेच बारा नमस्कार घातले तर प्रकृती टिकते, स्नायू वाढत नाही. भार, संख्या किंवा कठीणपणा क्रमाने वाढवला पाहिजे. पूर्वीचे वस्ताद हे जाणून होते. महिन्याला बैठका वाढवीत आणि मुद्गलाचे वजनही. आपल्या अनेक उपक्रमांत शारीरिक हा विषय आता दहा मिनिटांच्या औपचारिकतेवर आला आहे.

आणि ही चर्चा केवळ मुलांपुरती ठेवणे चूक ठरेल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९ ते २०२१ या काळात देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. पुरुषांत हे प्रमाण २५ टक्के. घरात दूध आले की पेला मुलाच्या हाती आणि मुलीला चहा, असे अजून कित्येक घरांत चालते. साठीनंतर स्नायू झपाट्याने घटतात, आजोबांना खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागतो, आणि ‘म्हातारपणी काय लागते, दूध-भात पुरे’ म्हणून त्यांच्या ताटातील उसळ काढली जाते. नेमकी तेव्हाच ती अधिक हवी असते. तालमीत जाणाऱ्या मुलासाठी आज रात्री मटकी भिजत घालाल तेव्हा त्याच्या बहिणीचे आणि आजी-आजोबांचे मापही त्याच पातेल्यात घाला.