संघ जातो, वीजबिल राहतं

या आठवड्यात माझ्यापुढं एक निवेदन सहीसाठी आलं. पालकमंत्र्यांच्या नावानं. मागणी अशी, की विदर्भाला आयपीएलचा स्वतःचा संघ हवा आणि तो यावा म्हणून सरकारनं पश्चिम विदर्भात, शक्यतो समृद्धी महामार्गालगत, आंतरराष्ट्रीय दर्जाचं स्टेडियम बांधावं. निवेदन घेऊन आलेली पोरं चांगली. आमच्या बंजारा तांड्यावरची, शिकलेली, रामनवमीच्या यात्रेत भर उन्हात पाणी वाटणारी. त्यांच्यावर रागावता येईना. पण तिसऱ्या मुद्द्यानं डोकं फिरलं : ‘आपण बांधलं नाही, तर दुसरं राज्य संघ घेऊन जाईल.’

हे बोल आमच्या पोरांचे नव्हेत. अमेरिकेतल्या बेसबॉल संघांचे मालक गेली कित्येक दशकं हेच बोलून शहरांचे खिसे रिकामे करत आले आहेत. ओकलंडचा अ‍ॅथलेटिक्स घ्या. मूळचा फिलाडेल्फियाचा. 1955 मध्ये तो कॅन्सस सिटीला गेला, 1968 मध्ये ओकलंडला. तिथं अर्धशतकाहून जास्त काळ काढला, मग नव्या स्टेडियमवरून शहराशी फिसकटलं आणि मालकानं लास व्हेगासकडं बोट दाखवलं. जून 2023 मध्ये नेवाडा राज्यानं 38 कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. त्याच महिन्यात ओकलंडचे प्रेक्षक मुद्दाम मैदान भरून आले आणि ‘संघ विका’ म्हणून ओरडले. मालकावर काडीचा परिणाम झाला नाही. 26 सप्टेंबर 2024 ला तिथला शेवटचा सामना झाला. व्हेगासचं मैदान तयार नसल्यानं हा थोर संघ 2025 पासून सॅक्रामेंटोत दुय्यम लीगच्या छोट्या मैदानावर खेळतो आहे. त्याच ओकलंडनं रेडर्स हा फुटबॉल संघ परत यावा म्हणून 1995 मध्ये कर्ज काढून स्टेडियम वाढवलं होतं. तो संघही व्हेगासला गेला. हप्ते ओकलंडकडं राहिले. आमच्या पूर्वजांचे तांडे मीठ-धान्य लादून देशभर फिरले, पण लदेणीवरचा तांडा पुढच्या मुक्कामाच्या गावाला ‘आम्ही येतो, आधी वाडा बांधून ठेवा’ असं म्हणत नसे.

अमेरिकेत निदान काही ठिकाणी लोकांना विचारतात तरी. 2 एप्रिल 2024 ला कॅन्सस सिटी परिसरातल्या मतदारांनी स्टेडियमसाठीचा विक्रीकर पुढं चालू ठेवायला मतपेटीतून नकार दिला. आपल्याकडं मतपेटीत हा प्रश्न कुणी घातलाय?

पण अमेरिका लांब राहिली. पोरांना मी सांगितलं ते रायपूरचं. या सदराचे जुने वाचक म्हणतील, आला पुन्हा रायपूरवर. येणारच. ज्याला सरकारी पैशानं स्टेडियम हवंय त्याला आधी नागपूरचं जामठा आणि रायपूर शेजारी शेजारी ठेवून दाखवावं, मग बोलावं.

दोन्ही मैदानं 2008 ची. जामठ्याचं मैदान विदर्भ क्रिकेट संघटनेचं, शशांक मनोहरांच्या काळात उभं राहिलेलं. सिव्हिल लाइन्सचं जुनं मैदान अपुरं पडू लागलं म्हणून संघटनेनं वर्धा रोडवर शहराबाहेर जागा घेतली आणि तिथं सुमारे 45 हजार प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. नोव्हेंबर 2008 मध्ये तिथं ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. सौरभ गांगुलीची ती शेवटची. रायपूरचं मैदान छत्तीसगड सरकारनं बांधलं. जामठ्याहून कितीतरी मोठं, साठ हजारांच्या वर प्रेक्षक बसतील एवढं. नाव दिलं 1857 च्या लढ्यातल्या शहीद वीर नारायण सिंहांचं. आता हिशेब पाहा. जामठ्याला मैदान झाल्याबरोबर कसोटी मिळाली. रायपूरला पहिला आंतरराष्ट्रीय सामना 21 जानेवारी 2023 ला मिळाला. मधल्या काळात दिल्लीच्या आयपीएल संघानं काही सामने तिथं आणून खेळले. पाहुणा आला, जेवला, गेला.

आणि मग 1 डिसेंबर 2023. भारत-ऑस्ट्रेलिया टी-20 च्या दिवशी देशभरच्या वाहिन्यांनी दाखवलं, की या स्टेडियमचं सुमारे 3 कोटी 16 लाखांचं वीजबिल थकलेलं आहे, पाच वर्षांपूर्वी जोडणी तोडलेली आहे, आणि दिव्यांच्या झोतात जो सामना होणार तो जनरेटरवर होणार. बिल कुणी भरायचं यावर बांधकाम खातं क्रीडा खात्याकडं बोट दाखवत होतं आणि क्रीडा खातं बांधकाम खात्याकडं. सामना झाला, भारत जिंकला, षटकार बसले, लोक नाचले. ज्या हुतात्म्याचं नाव वर कोरलं आहे त्याला खाली थकबाकीदार करून ठेवलं, याचं कुणाला काही वाटल्याचं ऐकिवात नाही. कोनशिला बसवायला सगळे पुढारी पुढं असतात. मीटर बघायला कुणी नसतं. सरकारी स्टेडियमची ही रीत मला पाठ आहे आणि ती बदलेल अशी मला आशा नाही.

जामठ्याची गोष्ट मात्र मैदानापाशी संपत नाही. विदर्भाला आयपीएलचा संघ नाही, कधीच नव्हता. 2010 मध्ये तेलंगण आंदोलनामुळं डेक्कन चार्जर्सला हैदराबाद सोडावं लागलं, तेव्हा त्यांचे काही सामने जामठ्याला आले. दोनच वर्षांनी तो संघच बुडाला. 2016 मध्ये पंजाबच्या संघाचे तीन सामने यायचे होते, ते दुष्काळात गेले. म्हणजे आपल्या वाट्याला दुसऱ्यांचे संघ आले, तेही उसने. तरी काय बिघडलं? 1957-58 पासून रणजी खेळणाऱ्या आणि साठ वर्षं कुणाच्या खिजगणतीत नसलेल्या विदर्भानं 2017-18 मध्ये करंडक जिंकला. इंदूरला दिल्लीला हरवून, रजनीश गुरबानीच्या हॅट्ट्रिकसह. पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. 2024-25 मध्ये तिसऱ्यांदा, अक्षय वाडकरच्या नेतृत्वाखाली, जामठ्यावरच. चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक, अकादमी, वयोगटांचे सामने आणि रोज सरावाला मिळणारी खेळपट्टी, यांतून हे झालं. खापरखेड्याच्या कोळसा खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव भारताकडून खेळला, तोही आयपीएलवाल्यांनी विदर्भात संघ काढला म्हणून नव्हे. रायपूरच्या स्टेडियमनं छत्तीसगडला असा एखादा करंडक दिला असेल तर मला दाखवा, मी हे सदर बंद करतो.

‘काका, पण महाराष्ट्रातून सामने गेले तर नुकसान होईल ना,’ एकानं विचारलं. त्याला 2016 आठवत नसणार, तेव्हा तो शाळेत असेल. मराठवाडा करपला होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी जात होतं आणि तिकडं खेळपट्ट्यांवर फवारे चालू होते. लोकसत्ता मूव्हमेंट ही संस्था उच्च न्यायालयात गेली. महाराष्ट्रातल्या सामन्यांना सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तेव्हा चर्चेत होता. 13 एप्रिलला न्यायालयानं 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितलं. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसही म्हणाले, की सामने बाहेर गेले तरी हरकत नाही. क्रिकेट मंडळाच्या अनुराग ठाकूरांनी राज्याचं 100 कोटींचं नुकसान होईल असा इशारा दिला. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला गेला, अंतिम सामना मुंबईतून बंगळुरूला. त्या 100 कोटींच्या नुकसानीनं महाराष्ट्र बुडाल्याचं एकाही अर्थसंकल्पात मला दिसलं नाही. पुढच्या वर्षी मुंबई-पुण्याचे संघ बिनबोभाट घरी परत आले, कारण पैसे देणारा प्रेक्षक तिथं आहे. 2018 मध्ये तर कावेरीच्या वादामुळं चेन्नईच्या संघानं घर म्हणून पुणंच निवडलं. हाकलल्यावरही संघ परत येतात. मग ते जाऊ नयेत म्हणून आपण हात का जोडायचे?

धमकीचा आपला देशी नमुना मात्र अमेरिकेपेक्षा मजेदार आहे. मार्च 2025 मध्ये हैदराबादच्या सनरायझर्सनं तिथल्या क्रिकेट संघटनेला लिहून कळवलं, की आमचा असाच छळ होणार असेल तर आम्ही हे शहर सोडतो. भांडण नव्या स्टेडियमवरून नव्हतं. फुकट पासांवरून होतं! एका बॉक्सच्या पासांखेरीज संघटनेला आणखी वीस पास हवे होते, असा तो वाद. पुढं जुलैत संघटनेच्या अध्यक्षांना अटक झाली. बेसबॉलचा मालक शहराला धमकावतो, तो निदान कोटी डॉलरांसाठी. आपण वीस पासांत भागवतो.

तर सरकारी पैसा क्रिकेटला जात नाही असं समजू नका. तो मागच्या दारानं जातो. जून 2023 मध्ये राज्य सरकारनं क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचं शुल्क घटवलं आणि ही सवलत चक्क 2011 पासून लागू केली. मुंबई क्रिकेट संघटनेकडं बंदोबस्ताचे 14 कोटी 82 लाख थकल्याचं माहितीच्या अधिकारात आधीच बाहेर आलं होतं. कार्यकर्ते अनिल गलगली उच्च न्यायालयात गेले आणि 2024 मध्ये न्यायालयानं या सवलतीबद्दल सरकारला खडसावलं. त्याच वर्षी जुलैत विश्वविजेत्या भारतीय संघाला तिजोरीतून 11 कोटींचं बक्षीस जाहीर झालं, ज्या खेळाडूंना क्रिकेट मंडळ आधीच 125 कोटी देत होतं त्यांना. आणि 16 मे 2025 ला वानखेडेवर रोहित शर्माच्या नावाच्या स्टँडचं उद्घाटन करताना मुख्यमंत्र्यांनी मुंबईच्या संघटनेला सुचवलं, की एक लाख प्रेक्षकांचं स्टेडियम बांधा, जागा आम्ही देऊ. कारण उघड आहे. 2023 च्या विश्वचषकाचा अंतिम सामना अहमदाबादला झाला, तिथल्या अवाढव्य मैदानावर, ही ठसठस अजून जात नाही. म्हणजे आपलं सरकारसुद्धा त्या तिसऱ्या मुद्द्याला भुललेलंच आहे. पोरांना काय बोल लावायचा!

निवेदनावर मी सही केली नाही. त्यावर त्यांनी हुकमी पान टाकलं. ‘काका, मग पोहरादेवीच्या 593 कोटींच्या आराखड्याचं काय? नंगारा भवन सरकारनंच बांधलं ना?’ प्रश्न योग्य होता. उत्तर असं : नंगाऱ्याच्या, म्हणजे आमच्या नगाऱ्याच्या, आकाराची ती चार मजली इमारत आणि तिच्यातली 13 दालनं, 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांनी उघडलेली, ही कुणा उद्योगपतीच्या फायद्या-तोट्याच्या वहीत नाही. आमच्या बंजारा समाजाच्या सेवालाल महाराजांची समाधी इथं, पोहरादेवीला आहे. ती कुणी लिलावात घेत नाही आणि ‘पैसे वाढवा नाहीतर तेलंगणात जातो’ असा निरोप तिथून येत नाही. तेलंगणातले लोकच इथं येतात. सरकारनं पैसा घातला तो ज्याची जागा बदलणार नाही अशा गोष्टीत घातला. आराखड्यावर माझे आक्षेप आहेत, तांडे ऊसतोडीला जायचे थांबले नाहीत हा त्यातला पहिला, पण ते पूर्वी लिहून झालेत. आता फक्त भवनाचं वीजबिल वेळेवर भरलं जातं की नाही, यावर नजर ठेवा.

राहिलं माझं जुनं दुखणं. 2022 मध्ये राज्यानं तालुका क्रीडा संकुलाचा निधी 1 कोटीवरून 5 कोटी केला, जिल्ह्याचा 8 वरून 25 कोटी. तालुक्याला संकुल ही कल्पना तर 2001 च्या क्रीडा धोरणापासूनची. वाशीम हा नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक, म्हणजे आपल्या आकांक्षांची नोंद दिल्लीदरबारी झालेली आहे. तरी आमच्या भागातली कितीतरी पोरं कापणी झालेल्या शेतात, धसकटं वेचून, टेनिसच्या चेंडूवर खेळतात आणि शाळेचं मैदान लग्नाच्या मांडवासाठी आणि सभेच्या खुर्च्यांसाठी राखून ठेवलेलं असतं. ज्या तालुक्यात क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी, त्याच तालुक्यात पुढाऱ्यांच्या नावाचे चषक जास्त, असं माझं निरीक्षण आहे. आकडेवारी मागू नका. वाढदिवसांचे फलक मोजा.

वाचकांना एक काम सांगतो. तुमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाला आजवर किती निधी मंजूर झाला, किती मिळाला, कशावर खर्च झाला आणि तिथं आज कोण खेळतं, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांना माहितीच्या अधिकारात विचारा. अर्जाला दहा रुपये लागतात. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. आलेली उत्तरं मला पाठवा. सगळी छापीन, अधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्यासकट.

– बारावा गडी