खामचा महिनाभराचा हिशेब

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातल्या नळांना कित्येक दिवसांनी एकदा येणारं पाणी पैठणच्या नाथसागर जलाशयातलं असतं. शहरातून वाहणारी खाम नदीही पुढे त्याच नाथसागराला मिळते. मधे कांचनवाडीला रोज १६१ दशलक्ष लिटर (एमएलडी) क्षमतेचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. पण अशी केंद्रं मैला आणि सेंद्रिय घाण कमी करण्यासाठी बांधलेली असतात. औषधांचे आणि कीटकनाशकांचे विरघळलेले अंश त्यांतून बरेचसे तसेच निसटतात.

आणि नदीचं पाणी आपण तपासतो कसं? सहसा महिन्यातून एकदा, दिवसाढवळ्या, एक बाटली भरून. रात्री दोनला कुणी नाल्यात रसायन सोडलं, तर सकाळी दहाच्या बाटलीत त्याचा मागमूस नसतो. अहवाल खोटा नसतो, पण तो त्या एका क्षणापुरताच खरा असतो.

याला उपाय आहे: पॅसिव्ह सॅम्पलर. ना पंप, ना वीज. प्रवाहात दोन ते चार आठवडे टांगून ठेवायचा. विरघळलेली रसायनं आपणहून त्यात शिरत आणि साठत राहतात. धातूंसाठीची 'डीजीटी' ही पद्धत इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठाच्या डेव्हिसन आणि झांग यांनी १९९४ साली मांडली. प्लास्टिकच्या छोट्याशा डबीत वर गाळणीचा पडदा, खाली ठरावीक जाडीचा जेलचा थर आणि तळाशी धातू धरून ठेवणारी राळ असते. राळेत किती निकेल, जस्त, शिसं साठलं हे मोजलं, की त्या सगळ्या काळातलं पाण्यातलं सरासरी प्रमाण काढता येतं. वाळूजसारखी औद्योगिक वसाहत शेजारी असताना आपल्याला हेच हवं आहे. औषधं आणि कीटकनाशकांसाठी वेगळा सॅम्पलर असतो. त्यात दोन पडद्यांमध्ये शोषक भुकटी भरलेली असते. नदी-तलावांतल्या अशा मोजणीसाठी आयएसओची मार्गदर्शिका २०११ पासून उपलब्ध आहे.

त्याच्या मर्यादाही मला मान्य आहेत. प्रवाहाचा वेग, तापमान, पडद्यावर चढणारं शेवाळ यांनी आकडा बदलतो. सरासरीत एका रात्रीचा उच्चांक सपाट होतो. आणि कायद्याचं काय? १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना पुरावा म्हणून टिकायचा, तर जागेवरच नोटीस द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करून सीलबंद करावे लागतात. महिनाभर टांगलेली डबी या चौकटीत बसत नाही.

म्हणून ती टांगायचीच नाही, हा युक्तिवाद मात्र मला अजिबात पटत नाही. तिचं काम दोषी ठरवण्याचं नाही. कुठे जाऊन शोधायचं, हे सांगण्याचं आहे. हर्सूलच्या खाली, शहर संपतं तिथे, वाळूजच्या पुढे आणि नाथसागराच्या अलीकडे अशा चार ठिकाणी ती लावली, तर कोणत्या टप्प्यात विष मिसळतं ते कळेल. मग त्या टप्प्यावर वेळी-अवेळी सीलबंद बाटल्या घेऊन जायला प्रदूषण नियंत्रण मंडळाला कोण अडवतं?

लोखंडी पुलाजवळ खामचा काठ स्वच्छ झाला, ते फार मोलाचं काम आहे. पण काठ डोळ्यांना दिसतो, विरघळलेलं निकेल दिसत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळ, महापालिका, इथल्या विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि वाल्मी ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था या चौघांनी एकत्र बसून येत्या पावसाळ्याआधी हे चार सॅम्पलर खाममध्ये लावावेत, आणि येतील ते आकडे, कसेही असोत, शहरासमोर ठेवावेत.