रंग ठरवताना आधी दार उघडा

कोटीच्या घरातली गाडी घेताना ग्राहक इंजिन, व्हेरियंट आणि कर्जाचा हप्ता यांवर अनेक आठवडे खल करतो. रंग मात्र बुकिंगच्या दिवशी, टॅबच्या पडद्यावर ठरतो. त्यातही बाहेरचा रंग आधी ठरतो आणि आतल्या रंगाच्या रकान्यात त्यासोबत लवकर मिळेल ते लिहिले जाते. हा क्रम उलटा आहे. आलिशान गाडीचा रंग आतून बाहेर ठरवायला हवा आणि ग्राहकाला तसा विचार करायला लावणे हे शोरूममधल्या सल्लागाराचे, डिटेलरचे आणि सीटकाम करणाऱ्या कारागिराचे काम आहे.

बाहेरचा रंग रस्त्यावरचे लोक बघतात. मालकाच्या डोळ्यांसमोर असतात ते दारांचे पॅड, पुढच्या सीटची पाठ, छताचे अस्तर. आपल्याकडे या किमतीच्या गाड्यांचे बरेच मालक मागे बसतात, हे तर तुम्ही रोज पाहता. शिवाय बाहेरचा रंग पुढे बदलता येतो. रॅप लावता येतो, रंगीत पीपीएफ लावता येते, गाडी संपूर्ण रंगवता येते. आरटीओकडून आरसीवरची रंगाची नोंद बदलून घेतली की झाले. आतले काम इतके सोपे नाही. सीट, दारे, डॅशबोर्ड, अस्तर, गालिचा यांचा मेळ कारखान्यात बसलेला असतो. एक बदलले की बाकीचे परके वाटू लागते. त्याहून गंभीर बाब सुरक्षिततेची आहे. सीटच्या कडेला एअरबॅग असेल तर त्या जागची शिवण ठरावीक जोर आल्यावर उसवावी अशा बेताने घातलेली असते. ती कुणी नेहमीच्या पक्क्या दोऱ्याने पुन्हा शिवली किंवा वरून घट्ट कव्हर चढवले, तर अपघाताच्या क्षणी एअरबॅग वेळेवर उघडेलच असे नाही. म्हणून आतला रंग चुकला की गाडी विकेपर्यंत तो चुकलेलाच राहतो.

आता बेजविषयी. फिकट बेज म्हणजे श्रीमंती, हे समीकरण आपल्या बाजारात घट्ट बसले आहे आणि त्यात तथ्य नाही असेही नाही. फिकट रंगाने केबिन मोकळी वाटते, मागे बसणाऱ्याला कोंडल्यासारखे होत नाही, आणि उन्हात तापलेल्या काळ्या सीटचा चटका बसत नाही. पण त्या सीटवर कोण, काय घालून बसणार आहे? नव्या जीन्सची निळाई पहिल्याच महिन्यात ड्रायव्हरच्या सीटच्या कडेवर उतरते. हेडरेस्टवर केसांच्या तेलाचा डाग धरतो. घरचा डबा, पूजेचे ताट, लग्नसराईतली हळद हे सगळे या गाड्यांतूनही जाते. चामड्यावर रंगद्रव्याचा संरक्षक थर असेल तर हळद लगेच पुसता येते. सेमी-अॅनिलिनवर तो थर अगदी पातळ असतो आणि पूर्ण अॅनिलिन चामडे डाग पिऊनच टाकते. सर्वांत महाग चामडे सर्वांत नाजूक असते, हे ग्राहकाला पैसे भरण्याआधी सांगितले पाहिजे. लहान मुले असलेल्या घराला आम्ही फिकट अॅनिलिन कधीच सुचवणार नाही, मग ते कितीही मऊ असो.

मधला मार्ग आहे आणि तो चांगला आहे. सीट आणि दारांचा मधला भाग फिकट ठेवावा; गालिचा, दारांचा खालचा भाग आणि डॅशबोर्डचा माथा गडद. पावसाळ्यात चिखलाचे बूट जिथे लागतात तिथे बेज टिकत नाही. डॅशबोर्डच्या माथ्याचे कारण वेगळे आहे. तो फिकट असला की त्याचे प्रतिबिंब समोरच्या काचेत पडते आणि दुपारनंतर पुण्याहून द्रुतगती मार्गाने मुंबईकडे, म्हणजे उतरत्या उन्हाच्या दिशेने जाताना समोरचे नीट दिसत नाही. अनेक कंपन्या फिकट केबिनमध्येही हा भाग काळा किंवा गडद तपकिरी ठेवतात त्यामागे हेच आहे. चकचकीत पियानो ब्लॅक पट्ट्यांबद्दल आमचे मत ठाम आहे. बोटांचे ठसे, धूळ, कपड्याचे ओरखडे सगळे त्यावर दिसते. शक्य तिथे खुल्या रेषांचे लाकूड घ्यायला सांगा.

आतला रंग ठरला की बाहेरच्या रंगाची निवड आपोआप आटोपशीर होते. तपकिरी, घोड्याच्या खोगिरासारख्या चामड्याला गडद निळा किंवा गडद हिरवा शोभतो. उबदार आत, थंड बाहेर. राखाडी गाडीत राखाडी केबिन मात्र जुलैच्या ढगाळ दिवशी मरगळलेली दिसते. हिरव्याबाबत एक सूचना. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण दलाच्या वाहनांखेरीज कुणालाही वापरता येत नाही. परदेशी कॅटलॉगमधले लष्करी छटेचे हिरवे बघून ग्राहक हरखतो आणि रॅपवाला ते लावूनही देतो. त्याला थांबवणे आपले काम.

बाहेरचा रंग कुठे बघायचा, याला आम्ही सर्वांत जास्त महत्त्व देतो. दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या दिव्याखाली फुटतात. रंगतज्ज्ञ दिवसाच्या उजेडासाठी ६५०० केल्विनचा डी६५ हा मानक प्रकाश धरतात. शोरूमच्या छतावरचे दिवे तसे असतीलच असे नाही. त्यातच मेटॅलिक रंगात अॅल्युमिनियमचे कण आणि पर्लमध्ये अभ्रकाचे कण असल्यामुळे समोरून एक छटा दिसते, तिरके पाहिले की दुसरी. सपाट चौकोनी नमुन्यावर हे कळत नाही. बॉनेटच्या बाकासारखा वळलेला नमुना उन्हात नेऊन फिरवून दाखवावा लागतो, आणि त्याच वेळी चामड्याचा तुकडा त्याच्या शेजारी धरावा लागतो.

मग गाडी कुठे उभी राहणार आणि ती कोण पुसणार, हे विचारा. कारखान्यातला रंग सगळे थर धरून साधारण १०० ते १५० मायक्रॉन असतो. वरचा पारदर्शक थर त्यातला ४०-५० मायक्रॉन. सोसायटीत पहाटे एकाच कोरड्या फडक्याने दहा गाड्या पुसल्या जातात आणि फडक्यातली धूळ त्या थरावर गोलगोल ओरखडे काढत जाते. साध्या काळ्या रंगावर ते उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारखे उठून दिसतात. रुपेरी, पांढऱ्या आणि फिकट राखाडीवर जवळजवळ लपतात. बोअरच्या पाण्याचे क्षाराचे डागही काळ्यावरच ठळक. ज्याच्याकडे बंद गॅरेज आणि शिकवून तयार केलेला माणूस आहे, त्याने काळा जरूर घ्यावा, त्याच्याइतका भारदस्त रंग नाही. मॅट रंगाची अट याहून कडक: त्याला पॉलिश चालत नाही, आणि छोट्या ओरखड्यासाठीही पूर्ण पॅनेल रंगवावे लागते. तीन थरांच्या पर्लमध्ये एक दार रंगवले तर छटा जुळवायला शेजारच्या पॅनेलवरही रंग विरवत न्यावा लागतो. हा खर्च डिलिव्हरीआधी बोलून ठेवावा.

उन्हाचा हिशोबही प्रत्यक्ष आहे. अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच मॉडेलच्या काळ्या आणि रुपेरी गाड्या उन्हात उभ्या केल्या होत्या. रुपेरी गाडीचे छत सुमारे २५ अंश सेल्सियसने कमी तापले आणि आतली हवा पाच-सहा अंशांनी थंड राहिली. नागपूर किंवा छत्रपती संभाजीनगरच्या ग्राहकाला हे आकडे सांगा, मे महिना त्याला ठाऊक आहे.

रिसेलचा मुद्दा आम्ही मुद्दाम शेवटी घेतला. पांढरी गाडी लवकर विकली जाते, हे खरे. पण या सल्ल्याने आपण चढ्या किमतीच्या गाड्यांचा सगळा रस्ता पांढरा करून टाकला आहे. पुढच्या मालकाची, जो अजून कुणाला माहीत नाही, आवड सांभाळायला आजच्या मालकाने आपली आवड सोडावी, हा सल्ला आम्हाला पटत नाही. इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी १९३०च्या दशकात अमेरिकन ड्यूसेनबर्ग घेतली, तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगकडून बॉडी चढवून घेतली आणि ती नारिंगी-काळ्या रंगात सजवली. याच माणसाने माणिकबाग राजवाड्याची आतली मांडणी एकार्ट मुथेसियुस या तरुण जर्मन वास्तुरचनाकाराकडे सोपवली होती. घर असो वा गाडी, आपल्याला काय आवडते हे त्याला ठाऊक होते. आजच्या ग्राहकालाही ते ठाऊक असते. त्याला विचारणारा माणूस समोर हवा.

कंपन्यांकडे आमची मागणी आहे. मर्सिडीज आणि रेंज रोव्हर पुण्याजवळ जुळवल्या जातात, ऑडी छत्रपती संभाजीनगरला. गाड्या इतक्या जवळ तयार होत असताना शोरूममध्ये चामड्याचा नमुना अंगठ्याएवढा का? प्रत्येक चामड्याचा निदान वहीच्या पानाएवढा तुकडा आणि प्रत्येक रंगाचा वळलेला नमुना प्रत्येक विक्रेत्याकडे असावा, आणि बुकिंगच्या अर्जावर आतल्या रंगाचा कोड बाहेरच्या कोडच्या वर छापावा. तोवर हे नमुने आपल्या खर्चाने मागवा, ग्राहकाला पार्किंगमध्ये उन्हात न्या, आणि दोन्ही कोडसमोर त्याची वेगवेगळी सही घ्या.