क्वेश्चन टॅग : जोडायला शिकवतो, उत्तर द्यायला कधी?



क्वेश्चन टॅग म्हणजे वाक्याच्या शेवटी लावलेला छोटासा प्रश्न. आपली मुलं तो घरी रोज वापरतात. आमच्या धुळ्याकडे अहिराणीत ‘आज बजार शे ना?’ म्हणतात, पुस्तकी मराठीत ‘आज बाजार आहे ना?’. कर्ता कोणीही असो, काळ कोणताही असो, आपला ‘ना’ काही बदलत नाही. इंग्रजीत मात्र तो दर वाक्याला बदलतो. मग मुलं सगळीकडे ‘इझन्ट इट?’ लावून मोकळी होतात. त्यांना ढ म्हणू नका, ती इंग्रजीत आपला ‘ना’ शोधत असतात.

होकारार्थी वाक्याला नकारार्थी टॅग, नकारार्थीला होकारार्थी, हे मुलांना लवकर जमतं. अडतात ती ‘रवी प्लेज क्रिकेट’ला, कारण इथे सहायक क्रियापद दिसतच नाही. अशा वेळी आधी साधा प्रश्न करायला सांगा : ‘डझ रवी प्ले क्रिकेट?’ लपलेलं ‘डझ’ बाहेर येतं, की टॅग तयार : ‘डझन्ट ही?’ ‘आय अ‍ॅम’ला ‘आरन्ट आय?’, ‘लेट्स’ला ‘शॅल वी?’ ही मात्र पाठच करावी लागतात.

परीक्षेपुरतं एवढं पुरतं. पण टॅगला उत्तर कसं द्यायचं, हे आपण शिकवतो का?

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका मुलाला मी विचारलं, ‘यू डिडन्ट डू युअर होमवर्क, डिड यू?’ तो म्हणाला, ‘येस सर.’ वही पाहिली तर कोरी. खोटं बोलतो म्हणून सगळ्या वर्गासमोर त्याला रागावलो. घरी जाताना डोक्यात प्रकाश पडला. पोरगं मराठीतच बोललं होतं : ‘हो सर, नाही केला.’ आपला ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला दुजोरा देतो. इंग्रजीत प्रश्न कसाही विचारा, काम केलं असेल तर ‘येस’, नसेल तर ‘नो’. ‘नो सर, आय डिडन्ट’ हे त्याला मीच कधी शिकवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी वर्गासमोरच त्याची माफी मागितली.

म्हणून माझं मत, टॅगचा पाठ फळ्यावर कमी आणि तोंडी जास्त घ्यावा. खात्री असेल तर टॅगवर आवाज खाली येतो, खरंच विचारायचं असेल तर वर चढतो, हेही वहीत कळत नाही.

हल्ली मधल्या सुट्टीआधी मी मुद्दाम विचारतो, ‘यू हॅवन्ट ईटन, हॅव यू?’ निम्मा वर्ग अजूनही ‘येस सर’ ओरडतो. मी रागावत नाही. पुढचं वाक्य येईपर्यंत थांबतो.